प्रथिनांच्या रचनेचे भाकीत आणि विदर्भाचे प्रश्न

प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम कळला की त्याची त्रिमितीय रचना संगणकाने सांगावी, ही रेणवीय जीवशास्त्राने अर्धशतक बाळगलेली आकांक्षा गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बऱ्याच अंशी पूर्ण झाली आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झालेल्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा ‘अल्फाफोल्ड’ ही प्रणाली घडवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना, तर उरलेला अर्धा वाटा संगणकाच्या आधारे नवी प्रथिने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना मिळाला आणि या यशावर जागतिक मान्यतेची मोहोर उमटली. त्यानंतर या विषयावर विपुल लिहिले गेले. परंतु त्यातील बरेचसे लेखन मोठ्या औषधकंपन्या आणि पाश्चात्त्य प्रयोगशाळा यांच्या दृष्टीने झालेले असल्यामुळे, या साधनाचा एखाद्या विशिष्ट प्रदेशाच्या आरोग्याला आणि शेतीला नेमका किती आणि कसा उपयोग आहे, हा प्रश्न मागेच राहिला.

हा प्रश्न नागपूर आणि विदर्भ यांच्या संदर्भात विचारण्यास सबळ कारण आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या प्रदेशातील असंख्य कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कापसाच्या बोंडातील गुलाबी बोंडअळीने बीटी वाणांवर मात केल्याने येथील शेतकऱ्याचे गणित बिघडले आहे. आणि क्षयरोग देशाच्या इतर भागांप्रमाणे येथेही अद्याप हटलेला नाही. हे तीनही प्रश्न मुळाशी प्रथिनांचे प्रश्न आहेत. त्यांच्या कसोटीवर पाहिले असता असे दिसते की, संगणकीय भाकिताने संशोधनाचा पहिला आणि पूर्वी वर्षानुवर्षे खाणारा टप्पा अतिशय सोपा केला आहे. मात्र रोगाचे किंवा किडीचे उत्तर ज्या पुढच्या टप्प्यांत असते, तेथे प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्या प्रयोगशाळेची गरज पूर्वीइतकीच, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक भासणार आहे.

रचनेचा प्रश्न कसा उभा राहिला

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एकापुढे एक जोडलेली लांब माळ. ही माळ पेशीत तयार होताच स्वतःभोवती घड्या घालून विशिष्ट आकार धारण करते आणि त्या आकारावरच तिचे कार्य अवलंबून असते. हिमोग्लोबिनने प्राणवायू वाहून नेणे, विकराने रासायनिक क्रियेचा वेग वाढवणे, प्रतिपिंडाने रोगजंतूला ओळखणे ही सर्व कामे रेणूच्या पृष्ठभागावरील खाचा, उंचवटे आणि विद्युत्‌भार यांच्या नेमक्या मांडणीमुळे शक्य होतात. केंब्रिजमध्ये जॉन केंड्रू यांनी मायोग्लोबिनची आणि मॅक्स पेरूट्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राने, म्हणजे प्रथिनाचे स्फटिक करून त्यांतून क्ष-किरण कसे विखुरतात यावरून, उलगडली आणि दोघांना १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास, १९६३ साली, मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांनी माळेतील प्रत्येक दुव्याला कोणत्या कोनांतून वळणे शक्य आहे आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील, याचा आलेख मांडला. ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने तो जगभर ओळखला जातो, आणि प्रयोगातून मिळालेली असो वा संगणकाने सुचवलेली, कोणतीही रचना तपासताना आजही याच आलेखाचा आधार घेतला जातो.

ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकरावर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले की, रसायनांनी उलगडलेली माळ अनुकूल स्थिती मिळताच पुन्हा मूळ आकारात घडी घालते. अर्थात आकाराची माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच साठवलेली असते. या कार्यासाठी त्यांना १९७२ साली नोबेल मिळाले. दुसरीकडे सायरस लेव्हिंथाल यांनी १९६९ साली असे दाखवले की, माळेला शक्य असलेल्या सर्व आकारांची एकेक करून चाचपणी करायची झाली, तर विश्वाचे आयुष्यही पुरणार नाही, आणि तरीही पेशीत ही घडी बहुधा क्षणार्धात पडते. क्रमात उत्तर आहे, पण ते शोधण्याची वाट ठाऊक नाही, अशी ही कोंडी होती. दरम्यान प्रयोगातून एकेक रचना मिळवण्याचे काम चालूच राहिले. त्यासाठी प्रथिन शुद्ध करणे, त्याचे स्फटिक मिळवणे किंवा अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या असंख्य प्रतिमा घेणे भाग असे आणि एका रचनेमागे एखाद्या विद्यार्थ्याची पीएच.डी.ची सगळी वर्षे जात. १९७१ साली अवघ्या सात रचनांनी सुरू झालेली ‘प्रोटीन डेटा बँक’ ही खुली जागतिक पेढी २०२३ सालापर्यंत दोन लाखांच्या पुढे गेली, ती अशा कष्टांतून. संगणकीय पद्धतींची निःपक्ष परीक्षा व्हावी म्हणून जॉन मोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ पासून ‘कॅस्प’ ही दर दोन वर्षांनी होणारी स्पर्धा सुरू केली. प्रयोगाने नुकतीच उलगडलेली, पण अद्याप प्रसिद्ध न झालेली रचना क्रमावरून ओळखून दाखवणे, असे तिचे स्वरूप आहे.

यंत्र नेमके काय शिकले

भाकिताच्या यशामागे एक जुने जीवशास्त्रीय निरीक्षण आहे. एकच प्रथिन थोड्याफार फरकाने शेकडो जीवजातींत आढळते आणि त्यांचे क्रम एकाखाली एक मांडले असता काही जागा जोडीने बदलतात असे दिसते. माळेत दूर असलेल्या पण घडीत शेजारी आलेल्या दोन जागांपैकी एकीवरील अमिनो आम्ल मोठे झाले, तर दुसरीवरचे लहान व्हावे लागते, अन्यथा घडी मोडते. जोडीने होणाऱ्या अशा बदलांवरून कोणत्या जागा परस्परांच्या सान्निध्यात आहेत याचा अंदाज बांधता येतो, हे २०१० नंतरच्या काही वर्षांत संख्याशास्त्रीय पद्धतींनी सिद्ध झाले. लंडनमधील डीपमाइंड या संस्थेने हे निरीक्षण न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून आपले अंतर्गत गुणांक सुधारत जाणाऱ्या गणिती जाळ्याच्या, हाती दिले. २०१८ च्या कॅस्पमध्ये अल्फाफोल्डची पहिली आवृत्ती आघाडीवर राहिली. २०२० च्या कॅस्पमध्ये पूर्णपणे नव्याने बांधलेल्या दुसऱ्या आवृत्तीने १०० पैकी ९२.४ इतका मध्यक गुण मिळवला आणि बहुसंख्य प्रथिनांच्या बाबतीत तिचे उत्तर प्रयोगाच्या उत्तराच्या जवळ जाऊन पोहोचले.

या आवृत्तीत सारख्या क्रमांच्या मांडणीतून मिळणारी माहिती आणि जागांच्या जोड्यांमधील अंतरांविषयीचे अनुमान ही दोन्ही एकमेकांना सुधारत राहतात, आणि अखेरीस त्यांतून प्रत्येक अणूचे अवकाशातील स्थान काढले जाते. यंत्राने हे शिकण्यासाठी वापरलेली सामग्री म्हणजे प्रोटीन डेटा बँकेतील सुमारे पावणेदोन लाख रचना आणि जनुकवाचनातून जमलेले कोट्यवधी क्रम होते. म्हणजेच जगभरच्या स्फटिकशास्त्रज्ञांनी पन्नास वर्षे मेहनतीने मिळवून सर्वांसाठी मोकळे ठेवलेले ज्ञान या यशाच्या मुळाशी आहे, आणि ही पेढी खुली नसती तर या प्रणालीचा जन्मच झाला नसता. जुलै २०२१ मध्ये पद्धतीचा शोधनिबंध आणि आज्ञावली प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात बेकर यांच्या गटाने ‘रोझेटाफोल्ड’ ही समांतर प्रणाली जाहीर केली. आणि युरोपीय जैवमाहिती संस्थेच्या सहकार्याने उभारलेल्या खुल्या संग्रहात जुलै २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांची भाकिते जमा झाली. मे २०२४ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती प्रथिनाबरोबरच डीएनए, आरएनए आणि औषधी रेणू यांच्याशी होणाऱ्या जुळणीचेही भाकीत करते.

भाकीत वाचण्याची शिस्त

अल्फाफोल्ड प्रत्येक अमिनो आम्लाच्या जागेसाठी ० ते १०० या मापावर विश्वासार्हतेचा गुण देते. ९० च्या वरचा गुण असल्यास ती जागा अत्यंत भरवशाची, ७० ते ९० मध्ये सर्वसाधारणपणे भरवशाची, तर ५० च्या खाली असल्यास त्या भागाचा काढलेला आकार अर्थहीन समजावा, असा संकेत आहे. मानवी प्रथिनांच्या पहिल्या संपूर्ण संचात सुमारे ५८ टक्के जागा भरवशाच्या निघाल्या आणि त्यांत एकूण जागांच्या ३६ टक्के जागा अत्यंत भरवशाच्या होत्या. उरलेल्यांपैकी पुष्कळ जागा अशा प्रथिनभागांतील आहेत की जे पेशीत एकटे असताना निश्चित आकारच धारण करत नाहीत. त्याशिवाय प्रथिनाचा एक भाग दुसऱ्या भागाच्या तुलनेत कोठे आहे, याची अनिश्चितता दाखवणारा वेगळा तक्ता यंत्र देते आणि तो न पाहता केवळ रंगीत चित्रावरून निष्कर्ष काढणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

या गुणांपलीकडेही तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की, अनेक प्रथिने काम करताना एका आकारातून दुसऱ्या आकारात जातात, तर यंत्र बहुधा त्यांपैकी एकच आकार दाखवते. दुसरी अशी की, एखाद्या अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम सांगण्यासाठी ही प्रणाली बनवलेली नाही, असे तिच्या निर्मात्यांनीच स्पष्ट केले आहे. तिसरी अशी की, एकाच प्रथिनाचे किती रेणू एकत्र येऊन काम करतात हे क्रमावरून आपोआप कळत नाही. वापरणाऱ्याने संख्या सांगितली तर यंत्र तेवढे रेणू जुळवून दाखवते, पण निसर्गाने तीच संख्या निवडली आहे याची हमी त्यातून मिळत नाही. विदर्भाच्या तीन प्रश्नांत या तीनही मर्यादा प्रत्यक्ष भेटतात.

सिकलसेल : एका जागेचा बदल

मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूरहून झाली. आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेल-वाहकत्वावर निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर विदर्भातील अनुसूचित जाती, आदिवासी आणि इतर समाजांत हा आजार किती खोलवर पसरला आहे याचे चित्र हळूहळू स्पष्ट होत गेले. आजाराचे रेणवीय मूळ तोवर कळले होते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत्‌क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते असे दाखवले आणि व्हर्नन इन्ग्रम यांनी त्यानंतर काही वर्षांतच तो फरक एका अमिनो आम्लाचा असल्याचे सिद्ध केले. हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार माळा असतात. बीटा माळेतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागेवरील ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले की सिकल हिमोग्लोबिन तयार होते.

संगणकीय भाकिताच्या दृष्टीने हे उदाहरण अत्यंत बोधप्रद आहे, कारण या बदलाने घडी जवळजवळ बदलत नाही. सहावी जागा रेणूच्या बाह्य पृष्ठभागावर आहे आणि निरोगी माळ व सिकल माळ या दोन्हींचे भाकीत करून ती एकमेकांवर ठेवली तर ती एकसारखीच दिसतात. आजार रेणूच्या आत नसून रेणूंच्या परस्परसंबंधात आहे. प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या बीटा माळेवर ८५ व्या जागेचे फिनिलअ‍ॅलॅनिन व ८८ व्या जागेचे ल्युसिन यांच्यामधील जलविरोधी खाच उघडी पडते. व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसते, रेणूला रेणू चिकटत जातो, चौदा धाग्यांचा लांब तंतू तयार होतो आणि त्या तंतूंच्या दाबाने रक्तपेशी विळ्याच्या आकाराची होते. हे तंतूचे चित्र स्फटिकशास्त्र, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि द्रावणातील मोजमापे यांच्या अनेक दशकांच्या प्रयोगांतून मिळाले. विदर्भातील गावांत आणि आश्रमशाळांत प्राथमिक तपासणीसाठी वापरली जाणारी स्वस्त सोल्युबिलिटी चाचणीही याच गुणधर्मावर उभी आहे: प्राणवायू काढून घेतल्यावर सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही आणि नळीतील द्रावण गढूळ होते. ज्या गुणधर्मामुळे रुग्ण ओळखला जातो, तो गुणधर्म एकट्या माळेच्या भाकितात दिसतच नाही.

उपचारांचा इतिहासही हेच सांगतो. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच्या गॅमा माळेत ८७ व्या जागेवर ग्लुटॅमिन असल्याने ती माळ असलेला रेणू तंतूत नीट सामील होत नाही, हे प्रयोगांनी कळले होते. त्याच आधारावर बीटा माळेत ८७ व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटॅमिन ठेवणारा जनुक रुग्णाच्या पेशींत घालणारी उपचारपद्धती तयार झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्याच दिवशी मान्यता मिळालेली दुसरी पद्धती जनुकसंपादनाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करते. या दोन्ही पद्धती विदर्भातील सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत. येथे प्रत्यक्ष आधार आहे तो हायड्रॉक्सियुरिया या जुन्या औषधाचा. ते कमी, ठरावीक मात्रेत, म्हणजे दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम, दिले तरी तीव्र आजार असलेल्या मुलांना लाभ होतो, असे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या अभ्यासाने दाखवले. येथील रुग्णांत आढळणारा आनुवंशिक प्रकार सौम्य मानला जात असतानाही विदर्भातील अनेक मुलांचा आजार तीव्र का असतो, या प्रश्नाचे उत्तरही येथीलच रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींतून मिळणार आहे.

असे असले तरी भाकिताचा येथे काहीच उपयोग नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सिकलसेलबरोबर एकाच रुग्णात येणारे इतर दुर्मीळ हिमोग्लोबिन-बदल, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन दाबून ठेवणारी नियंत्रक प्रथिने आणि तंतू तयार होण्यास अडथळा करू शकणारे लहान रेणू यांचा विचार करताना भाकीत केलेल्या रचना ही उत्तम सुरुवात असते. औषधशोधाचा मार्ग मात्र रचना कळल्याने सुरक्षित होत नाही. हिमोग्लोबिनच्या अल्फा माळेला चिकटून ते प्राणवायूयुक्त अवस्थेत टिकवून धरणारे व्होक्सेलोटोर हे औषध २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याची रेणवीय क्रिया चांगली ज्ञात होती, तरीही रुग्णांवरील पुढच्या माहितीमुळे सप्टेंबर २०२४ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले.

कापूस : प्रथिन तेच, अळी बदलली

नागपूर येथे १९७६ साली स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था ज्या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजत आहे, त्याच्या केंद्रस्थानी ‘क्राय’ नावाची प्रथिने आहेत. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूपासून घेतलेले क्राय-१-एसी प्रथिनाचे जनुक असलेल्या बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये क्राय-२-एबी हे दुसरे प्रथिन असलेले वाण आले. या कुळातील पहिली रचना केंब्रिजच्या संशोधकांनी १९९१ साली स्फटिकशास्त्राने उलगडली. तीत तीन विभाग आहेत: सर्पिलांचा जुडगा असलेला पहिला विभाग अळीच्या आतड्याच्या पेशीपटलात शिरून छिद्र पाडतो, तर दुसरा आणि तिसरा विभाग आतड्यावरील ग्राही प्रथिने, म्हणजे विशिष्ट रेणूला पकडून धरणारी प्रथिने, ओळखतात. या ग्राहींपैकी कॅडहेरिन हे क्राय-१-एसीसाठी महत्त्वाचे आहे.

गुलाबी बोंडअळीचा क्राय-१-एसीला प्रतिकार प्रथम गुजरातेत नोंदला गेला, आणि पुढे नागपूरच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी देशाच्या विविध जिल्ह्यांतून अळ्या गोळा करून २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती दोन्ही प्रथिनांना दाद देत नसल्याचे दाखवले. २०१७ च्या हंगामात विदर्भातील शेतकऱ्यांनी याची जबर किंमत मोजली. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांच्या रेणवीय अभ्यासात कॅडहेरिनच्या जनुकाचे संदेश अनेक प्रकारे तुटलेले आढळले. क्राय-२-एबीच्या बाबतीत एबीसीए-२ नावाच्या पेशीपटलातील वाहक प्रथिनाच्या जनुकात बिघाड दिसला.

येथे भाकिताचा वाटा दोन गोष्टींत आहे. गुलाबी बोंडअळीच्या कॅडहेरिनसारख्या लांब आणि प्रयोगाला कठीण प्रथिनाची रचना, तसेच क्राय प्रथिन त्याला कोठे चिकटत असावे याचा अंदाज, आता काही तासांत मिळू शकतो, आणि त्यावरून बदललेल्या ग्राहीलाही ओळखील असे सुधारित क्राय प्रथिन सुचवता येते. परंतु ग्राही तुटल्यामुळे पेशीपटलावर पोहोचतच नसेल, तर त्याच्याशी जुळणी सुधारून काहीच साधत नाही. मग वेगळ्या ग्राहीवर काम करणारे निराळे प्रथिन शोधावे लागते. शिवाय प्रतिकार वाढण्याची कारणे शेतात आहेत: दीर्घ मुदतीचे संकरित वाण, फरदड घेण्याची, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे राखण्याची, पद्धत, हंगामानंतर रचून ठेवलेली पऱ्हाटी, आणि बियाण्याच्या पाकिटासोबत पूर्वी मिळणाऱ्या बिगर-बीटी सरकीच्या आश्रय-ओळी न लावणे. या कारणांनी उद्याचे उत्तम प्रथिनही काही वर्षांत निष्प्रभ होऊ शकते. रेणूचे ज्ञान, कामगंध सापळ्यांच्या नोंदी आणि वेळेवर पऱ्हाटी उपटण्याची सामूहिक शिस्त या तिन्हींची सांगड घातली तरच कापसाला आधार मिळेल.

क्षयरोग : संख्येचे अनपेक्षित उत्तर

अल्फाफोल्डच्या खुल्या संग्रहात अगदी प्रारंभी समाविष्ट झालेल्या जीवांमध्ये क्षयाचा जिवाणू होता आणि त्याच्या सुमारे चार हजार प्रथिनांची भाकिते सर्वांना उपलब्ध झाली. या जिवाणूच्या प्रथिनांवर प्रयोगाने काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांत नागपूर विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले शेखर मांडे यांचे नाव ठळक आहे. पुढे त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालकपद आणि २०१८ ते २०२२ या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालकपद भूषवले. हैदराबाद येथील त्यांच्या प्रयोगशाळेने २००४ साली क्षयजिवाणूच्या चॅपरोनिन-६०.२ या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. चॅपरोनिन म्हणजे इतर प्रथिनांना नीट घडी घालण्यास मदत करणारे प्रथिन. मानवी आतड्यात राहणाऱ्या ई-कोलाय जिवाणूत त्याचे चौदा रेणू दोन कड्यांत एकत्र येऊन पिंजरा तयार करतात. क्षयजिवाणूच्या प्रथिनाचा क्रम त्याच्याशी बराच जुळत असूनही स्फटिकात दोनच रेणूंची जोडी आढळली.

आजच्या साधनांनी त्या प्रथिनाच्या एका माळेची घडी अचूक सांगता येईल. पण ते किती रेणूंच्या समूहाने वावरते हे क्रमाच्या साम्यावरून ठरवले असते, तर चौदा हे चुकीचे उत्तर गृहीत धरले गेले असते. द्रावणातील मोजमाप आणि स्फटिक यांनी ती चूक टाळली. औषधाचे लक्ष्य म्हणून एखाद्या प्रथिनाचा विचार करताना अशी माहिती निर्णायक ठरते, कारण औषधी रेणू पुष्कळदा दोन माळांच्या सांध्यात बसतात.

रचनेच्या भाकितापासून प्रथिनाच्या निर्मितीकडे

नोबेलचा अर्धा वाटा बेकर यांच्या ज्या कार्याला मिळाला, ते कार्य उलट दिशेचे आहे: हवा असलेला आकार आधी ठरवून त्याला साजेसा अमिनो आम्लांचा क्रम शोधणे. या दिशेच्या कामातील ग्रामीण भारताला सर्वांत जवळचे उदाहरण सर्पविषाचे आहे. भारतात वापरली जाणारी प्रतिविष लस घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून तयार करतात. बेकर यांच्या गटाने जानेवारी २०२५ मध्ये असे दाखवले की, ‘त्रि-अंगुली विष’ या वर्गातील विषप्रथिनांना घट्ट पकडणारी लहान प्रथिने कृत्रिम बुद्धिमत्तेने रचता येतात आणि ती दिल्यास प्राणघातक मात्रा टोचलेले उंदीर वाचतात. नागाच्या विषात हा वर्ग प्रमुख आहे. मात्र घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा मारा मुख्यतः रक्त आणि ऊतींवर क्रिया करणाऱ्या विकरांचा असल्याने या रेणूंनी त्यांच्यावर उतारा मिळत नाही. शेतात काम करणाऱ्या माणसाला कोणता साप चावला हे अनेकदा ठाऊक नसते. त्यामुळे चारही सापांच्या विषांना पुरे पडणारा संच आणि माणसांवरील सुरक्षिततेच्या चाचण्या पूर्ण होईपर्यंत घोड्यापासूनची लसच प्राण वाचवणार आहे. तरीही या संशोधनाची दिशा विदर्भाने आजच हेरावी इतकी आश्वासक आहे.

साधने, संस्था आणि जबाबदारी

साधनांची उपलब्धता ही आता पूर्वीसारखी अडचण राहिलेली नाही. खुल्या संग्रहातील रचना कोणालाही विनामूल्य पाहता येतात, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोलॅबफोल्ड’मुळे साध्या संगणकाच्या ब्राउझरमधूनही नवे भाकीत करता येते, ‘ओपनफोल्ड’ आणि ‘बोल्ट्झ’ यांसारख्या खुल्या प्रणाली संशोधकांना आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतात. संपूर्ण प्रणाली स्वतःच्या संस्थेत बसवायची तर अडीच टेराबाइटच्या वर क्रमसंग्रह आणि शक्तिशाली ग्राफिक्स प्रोसेसर लागतात, आणि त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकसारख्या महासंगणक केंद्राचा आधार राज्यातच आहे.

कमतरता आहे ती भाकिताची सत्यता पडताळणाऱ्या हातांची. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, पर्यावरणावर संशोधन करणारी ‘नीरी’ आणि कापूस संशोधन संस्था अशी संस्थांची मोठी फळी आहे. त्यांतील प्रत्येकीकडे प्रश्नाचा एकेक भाग आहे: रुग्ण एकीकडे, अळ्या दुसरीकडे, प्रदूषित मातीतील जिवाणूंचे विकर तिसरीकडे आणि संगणक अभियंते चौथीकडे. हे भाग जोडणारी, प्रथिन शुद्ध करणे, त्याची स्थिरता आणि जुळणीची ताकद मोजणे ही कामे सर्वांसाठी करणारी एक सामाईक प्रयोगशाळा उभी राहिली, तर संगणकाने सुचवलेली अनुमाने येथेच तपासली जातील. पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही विश्वासार्हतेचे गुण वाचणे, रामचंद्रन आलेखावर रचना तपासणे आणि भाकीत चुकते तेव्हा ते ओळखणे या गोष्टी प्रात्यक्षिकांसह शिकवल्या गेल्या पाहिजेत, कारण चित्र तयार करणे आता इतके सोपे झाले आहे की त्यावर आंधळा विश्वास ठेवण्याचा धोका पूर्वी कधी नव्हता एवढा वाढला आहे.

यासोबत माहितीच्या हक्काचा प्रश्न येतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत आजार निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. या तपासणीतून जमणारी आनुवंशिक माहिती संशोधनासाठी मोलाची आहे, पण ती मुख्यतः दलित आणि आदिवासी कुटुंबांची आहे आणि वाहक असल्याचे कळल्याने मुलीचे लग्न मोडल्याच्या कहाण्या या समाजाला नव्या नाहीत. ज्यांच्या रक्तातून ज्ञान मिळवायचे, त्यांना त्यांच्या भाषेत समजावून संमती घेणे, त्यांची ओळख जपणे आणि त्या ज्ञानातून निघणारा उपचार प्रथम त्यांच्यापर्यंत पोहोचवणे ही संशोधनाची अट असली पाहिजे.

एकंदर विचार करता, प्रथिनरचनेच्या भाकिताने जीवशास्त्रातील एक मोठा अडसर दूर केला, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. मात्र हे यश ज्या पायावर उभे राहिले, तो पाया पन्नास वर्षांच्या प्रयोगांचा, त्यांच्या खुल्या नोंदींचा आणि कठोर परीक्षेचा होता. सिकलसेल, बोंडअळी आणि क्षयरोग यांच्या बाबतीतही उत्तर याच मार्गाने मिळेल. म्हणून शासनाने, विद्यापीठाने आणि संशोधन संस्थांनी संगणकांवर जेवढा खर्च करायचा, तेवढाच खर्च प्रथिनांचे मोजमाप करणाऱ्या प्रयोगशाळांवर आणि त्या चालवणाऱ्या तरुण मनुष्यबळावर करावा, आणि त्याची सुरुवात नागपुरातून व्हावी.